सहाचं पाणी

अकरावीच्या गणितात एक जागा अशी आहे, की तिथे पोचल्यावर दरवर्षी माझा आवाज आपोआप चढतो. एरवी मी हळू बोलणारी बाई. तिथे मात्र ओरडते.

जागा तशी साधी आहे. फळ्यावर एक वक्ररेषा काढायची; समजा मध्ये टेकाड आणि दोन्ही बाजूंना उतार. मग समीकरणात एक्सच्या जागी एक्स वजा दोन लिहायचं आणि रेषा कुठे सरकेल ते मुलांना विचारायचं. सगळा वर्ग एकमुखाने सांगतो, डावीकडे. वजा म्हणजे मागे, मागे म्हणजे डावीकडे, हे त्यांना पाचवीपासून शिकवलेलं असतं. रेषा उजवीकडे जाते. अधिक दोन लिहिलं तर डावीकडे. पण कंसाच्या बाहेर, अगदी शेवटी, तीन मिळवले तर हीच रेषा शहाण्यासारखी वर जाते आणि तीन वजा केले तर खाली येते. म्हणजे बाहेरून सांगाल ते ऐकते, आतून सांगाल त्याच्या उलट वागते. यावर आमच्या धंद्यात एक मंत्र आहे: 'आत उलटं, बाहेर सुलटं.' मला तो माझ्या सरांनी दिला, त्यांना त्यांच्या सरांनी दिला असणार. ऐकायला भरतकामाचा कुर्ता धुण्याची सूचना वाटते, पण मार्क मिळतात.

मी चौक गावाजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर गणित शिकवते. तासिका तत्त्वावर म्हणजे जेवढे तास शिकवीन तेवढ्यापुरती मी शिक्षिका. मधल्या सुट्टीत मी कोण असते, याचा खुलासा अजून कुठल्या परिपत्रकात आलेला नाही. राहते कर्जतला. चौदा वर्षं मी हा मंत्र म्हणत आले आणि चौदा वर्षं मुलांनी तो वहीत चौकोन करून लिहून घेतला.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी एका मुलीने तो लिहून घेतला नाही. तिसऱ्या बाकावर बसायची. नदीकाठच्या एका गावातून, सायकलने चौकपर्यंत येणारी. पहिल्या दिवशी सगळ्यांना ओळख करून द्यायला सांगितली तेव्हा मुलं डॉक्टर, कलेक्टर वगैरे म्हणाली, ही म्हणाली, "मला पूल बांधायचेत. आमचा साकव दर पावसात जातो." मग बसली. एवढी छोटी आणि सकारण महत्त्वाकांक्षा मी त्या वर्गात कधी ऐकली नव्हती.

तर मी मंत्र म्हटला आणि ही उभी राहिली.

"मॅडम, का?"

"का म्हणजे?"

"दोन वजा केले तर मागं जायला पायजे ना? पुढं का जातंय?"

मी सांगितलं की टेकाडाचा माथा कंसातलं शून्य होतं तिथे असतो, आणि एक्स वजा दोन शून्य व्हायला एक्सला दोन व्हावं लागतं, म्हणून माथा दोनवर. हे बरोबर आहे. तेच तर वाईट आहे. बरोबर उत्तर दिल्यावर माणसाला आपल्याला समजलेलं नाही हे कळायची सोयच उरत नाही.

"ते कळलं मॅडम," ती म्हणाली. "तसं होतंय ते कळलं. पण का होतंय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "ए, बस की गं. पेपरात का विचारत नाय." वर्ग हसला. मीही हसले. ते हसणं मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते. माझ्या वडिलांच्या घरात 'का' विचारायला बंदी नव्हती; न विचारल्याबद्दल बोलणी बसायची. दर डिसेंबरात ते दादरहून पुस्तकांची पिशवी खांद्यावर टाकून यायचे आणि म्हणायचे, कुणी सांगितलं म्हणून मानायचं असतं तर आपण आहोत तिथेच राहिलो असतो. अशा माणसाची मुलगी मी, आणि वर्गासमोर उभी राहून मंत्र म्हणत होते.

सुट्टीत करायला मी एक गृहपाठ दिला होता: रोजच्या जगण्यातला कुठलाही बदल वेळेनुसार आलेखात दाखवा. ही कल्पना एका प्रशिक्षणातून आणलेली. तिथे चहा बरा होता. सुट्टी संपल्यावर वह्या आल्या. बहुतेकांनी मोबाइलची बॅटरी उतरताना दाखवली होती. एकाच घराण्यातल्या असाव्यात अशा त्या रेषा. त्यांत हिची वही निघाली. हिने नदी काढली होती.

नदीबद्दल थोडं सांगायला हवं. वर घाटाच्या पायथ्याशी वीजघर आहे. तिथे वीज करून झाली की पाणी नदीत सोडतात, म्हणून आमच्याकडची ही नदी उन्हाळ्यातही आटत नाही. विजेला मागणी असते तेव्हा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी, पाणी चढतं, मध्ये उतरतं. मुलीने आलेखाखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'आमच्या घाटावर सकाळी आठला पाणी चढते. संध्याकाळी परत चढते.' आणि वर काढलेली रेषा सकाळी सहाला खड्ड्यात जात होती. आठला नाही, सहाला. आणि वर नाही, खाली.

मी लाल पेनाने लिहिलं: 'पाणी चढते तर आलेख वर जायला हवा. वेळही चुकली. नीट निरीक्षण करावे.' दहापैकी दोन. तेही अक्षराचे.

सोमवारी तास संपल्यावर ती टेबलाशी आली आणि एक फॉर्म पुढे केला. विषय बदलाचा. गणित सोडून दुसरा विषय घ्यायचा असेल तर शनिवारी पाचपर्यंत हा फॉर्म विषयशिक्षकाच्या सहीसह ऑफिसात द्यायचा होता. गणित सुटलं की अभियांत्रिकीचं दार बंद, हे तिला ठाऊक होतं, मलाही होतं. 'विद्यार्थ्याचे कारण' असा एक रकाना होता. त्यात तिने लिहिलं होतं: 'विषय समजत नाही.'

"घरी काय म्हणतात?"

"काका म्हणतात, गणितानं बारावीचे टक्के जातात. सोड."

"आणि तू?"

"मी काय म्हणू? तुमीच लिवलंय की." तिने वही काढली नाही, गरज नव्हती. "मॅडम, ती नदी मी रोज बगते. ती पण मला नीट दिसत नसंल, तर पूल काय बांधनार मी?"

मी फॉर्म घेऊन पर्समध्ये ठेवला आणि म्हटलं, "शनिवारपर्यंत बघू." ज्यांना काय करायचं ते कळत नाही त्यांच्यासाठी हे वाक्य फार सोयीचं आहे.

मंगळवारी शिक्षक खोलीत मी फॉर्मचा विषय काढला. फिजिक्सचे सर डबा उघडत म्हणाले, "मॅडम, करा सही. एक वही कमी तपासायला लागेल."

"पण तिने विचारलेलं बरोबर आहे. ग्राफ उजवीकडे का जातो, सांगा ना तुम्ही."

"आत उलटं, बाहेर सुलटं," सर म्हणाले आणि भाकरी मोडली.

इतक्यात प्राचार्य आले. शुक्रवारी गणित कक्षाचं उद्घाटन ठरलं होतं. कुणा देणगीदाराने वडिलांच्या स्मरणार्थ पाच फुटी आरसा दिला होता, परावर्तन शिकवायला. एक रिकामी खोली रंगवून त्यात तो आरसा बसवला की झाला गणित कक्ष. गुरुवार-शुक्रवारचे गणिताचे तास तयारीसाठी रद्द. मी गणिताची म्हणून सूत्रसंचालन माझ्याकडे, आणि पाहुण्यांसमोर आरशाचं प्रात्यक्षिकही.

"सर, मला या आठवड्यात अकरावीवर एक तास हवाच आहे."

"मॅडम, एवढा मोठा आरसा येतोय," प्राचार्य म्हणाले, "त्यात सगळं समजेल."

त्या संध्याकाळी मी तिची वही पुन्हा उघडली. खरं सांगायचं तर सही करायला मन तयार व्हावं म्हणून उघडली. आपण दिलेले दोन मार्क योग्यच होते हे बघितलं की सही सोपी जाते. तेव्हा पहिल्यांदा माझं लक्ष अक्षांच्या नावांकडे गेलं. उभ्या अक्षावर लिहिलं होतं: 'उघड्या पायऱ्या'. आडव्या अक्षावर: 'कितीचं पाणी'.

अक्षांना नावं दिली नाहीत तर मी अर्धा मार्क कापते. यासाठी मी वर्गात कुप्रसिद्ध आहे. आणि जिने नावं दिली तिची मी वाचलीच नव्हती.

पहिलं नाव लगेच उलगडलं. मुलीने पाणी मोजलंच नव्हतं, घाटाच्या कोरड्या पायऱ्या मोजल्या होत्या. पाणी चढलं की उघड्या पायऱ्या कमी होतात. रेषा खाली जायलाच हवी. मी जिला उलटी म्हटलं ती सरळ होती. दुसरं नाव मात्र कळेना. कितीचं पाणी? आठला चढतं म्हणतेस आणि सहावर का दाखवतेस? रात्रभर डोक्यात ते घोळत राहिलं. चीड मुलीची येत होती की माझी, हे ठरवता येत नव्हतं.

बुधवारी सकाळी पहिल्या रिक्षाने निघाले आणि साडेसातच्या सुमाराला तिच्या गावच्या घाटावर उभी राहिले. मुलगी प्रॅक्टिकलला गेली होती. तिची आई आणि एक म्हातारी चुलत आजी, दोघी गोधड्यांचं ओझं घेऊन वरच्या पायरीवर बसल्या होत्या. गोधड्या कोरड्या. पाणी खाली, बरंच खाली.

मी ओळख दिली. आईने पदर सावरला.

"बसा बाई. तिनं काय केलं का?"

"नाही, तिने काही नाही केलं. तुम्ही धुवायला बसला नाहीत अजून?"

"सहाचं पानी येऊ द्या ना," आई म्हणाली. "एवढ्याशा पान्यात गोधडी बुडत नाय."

मी घड्याळ बघितलं. "साडेसात होऊन गेले की. सहाचं पाणी निघूनही गेलं असेल."

म्हातारी हसली. दात फार नव्हते, त्यामुळे हसू मोठं दिसलं. "तुमी शिकवता ना गं कॉलेजात?"

"हो."

"मंग सहाचं पानी आठाला येतं येवढं नाय ठावं?"

आईला माझी कणव आली असावी. तिने समजावून दिलं. पाणी वर सहाला सुटतं. ते तिच्या नणंदेच्या गावात सातला पोचतं, इथे आठला, आणि खाली तिच्या माहेरी नऊला. आता प्रत्येक गावाने आपापल्या घड्याळाप्रमाणे त्याला सातचं, आठचं, नऊचं म्हटलं, तर नणंद आणि भावजय फोनवर बोलणार कशा? म्हणून सगळ्या काठाने त्याला एकच नाव ठेवलंय. सुटलं सहाला, तर ते सहाचं. कुठेही पोचो. पनवेलहून सातला सुटलेली एस्टी इथे आठला आली तरी सातचीच म्हणतात ना, तसं.

"आनि रविवारी अर्धंच येतं," म्हातारीने भर घातली. "सुट्टी आसते ना कारखान्यांना. वेळ तीच, पन पानी निम्मं. गोधड्या रविवारी नाय काढायच्या कदी."

मी वरच्या पायरीवर बसले. रविवारचं निम्मं पाणी, म्हणजे तीच रेषा, उंची अर्धी. ते मी पुढच्या आठवड्यात शिकवणार होते, फळ्यावर, ओरडून.

आठला पाच-सात मिनिटं असताना दगडांमधला आवाज बदलला. मग पाणी आलं. धावत वगैरे नाही, आपल्या घरी आल्यासारखं एकेक पायरी चढत. तीन पायऱ्या गेल्या, चार, पाच. नऊपैकी चार उघड्या राहिल्या.

"आता हे बघा, सहाचं," आई म्हणाली, आणि दोघींनी गोधड्या पाण्यात सोडल्या.

मी घड्याळाकडे बघत होते. आठ वाजलेत. समोर आहे ते कुठलं पाणी? आठातून दोन गेले, सहाचं. साडेआठला कुठलं असेल? साडेसहाचं. म्हणजे घाटावर उभं राहून, आत्ताच्या वेळेतून दोन वजा करून, वरच्या वीजघराला विचारायचं: तेव्हा काय होतं तुमच्याकडे? वजा मी करते. माझ्या घड्याळात. म्हणून तर वरचा चढ माझ्याकडे दोन तास उशिरा येतो, उजवीकडे येतो. रेषेला कुणी मागे ढकललेलंच नसतं. मागे वळून बघणारी मी असते. तिच्या आईच्या माहेरी तीन वजा, त्यांची रेषा आणखी उजवीकडे.

एवढंच होतं. चौदा वर्षं ते कर्जतपासून रिक्षाच्या अंतरावर रोज दोनदा येऊन जात होतं.

अशा वेळी आनंद होतो म्हणतात. मला राग आला. मंत्र देणाऱ्या सरांचा आला, फिजिक्सच्या सरांच्या भाकरीचा आला आणि सगळ्यात जास्त त्या लाल ओळीचा: नीट निरीक्षण करावे.

"बाई, तिला तुमी दोन मार्क दिलेत म्हने," गोधडी आपटता आपटता आई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. "लई गप झालीये. कदी नाय ती जेवताना वही बाजूला ठेवत. आता ठेवते."

मी म्हटलं, "चूक माझी आहे. मी तिला सांगते."

"सांगा," म्हातारी म्हणाली. "पन लवकर सांगा. तिचा काका शनिवारची वाट बगतोय."

सांगायला तास मिळायला हवा होता. बुधवारी अकरावीवर माझा तास नसतो, आणि गुरुवारी गणिताच्या तासाला मुली रांगोळी काढत होत्या आणि मी स्वागताचं भाषण लिहीत होते. प्राचार्यांनी ते दोनदा परत पाठवलं. त्यांच्या मते त्यात विशेषणं कमी होती. शुक्रवारी पाहुणे दीड तास उशिरा आले. येऊन त्यांनी नारळ फोडला, फीत कापली, आणि गणित कक्षात शिरल्यावर प्रत्येकाने आरशासमोर थांबून फेटा नीट केला. पाच फुटी आरशाचा हा उपयोग देणगीदाराच्याही लक्षात आला नसेल. प्रमुख पाहुणे म्हणाले, गणित हा जीवनाचा आरसा आहे. त्यानंतरच्या वक्त्यांनी आरसा हे जीवनाचं गणित आहे असं सांगितलं. दोन्ही वेळा टाळ्या पडल्या.

मग माझं प्रात्यक्षिक. तारेची वाकवलेली एक रेषा मला दिली होती, वाटीसारखी. ती आरशापुढे धरायची आणि डावं-उजवं कसं बदलतं ते दाखवायचं. मी धरली. वाटी दोन्ही बाजूंनी सारखी. आरशात जशीच्या तशी दिसली. काहीही बदललं नाही. मी म्हटलं, "काही रेषा आरशात बदलत नाहीत." पाहुण्यांना त्यात काहीतरी खोल वाटलं असावं. एकाने मान डोलावली.

मुलगी फुलांचं तबक धरून दाराशी उभी होती. पाय बदलून बदलून. जाता जाता मी हळूच म्हटलं, "उद्या मला भेट."

"उद्या शेवटचा दिवस हाय, मॅडम."

"म्हणूनच."

शनिवारी कॉलेज सुटल्यावर मी तिला गणित कक्षात नेणार होते. त्याला कुलूप होतं. खोली नवी राहावी म्हणून किल्ली प्राचार्यांकडे, आणि प्राचार्य एका सत्काराला गेलेले. आम्ही व्हरांड्याच्या पायऱ्यांवर बसलो. मी तिची वही उघडली. माझी लाल ओळ मी आधीच खोडली होती आणि शेजारी लिहिलं होतं: 'आलेख बरोबर. तपासणाऱ्याची चूक.'

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"म्हंजे उलटा नव्हता?"

"तू उघड्या पायऱ्या काढल्यास. एकूण नऊ. त्यातून बुडलेल्या गेल्या. पाण्याची रेषा उलटी करून नऊने वर उचलली, की तुझी रेषा. हेच तर मी शिकवते, बाहेर वजा लावलं की उलटं होतं म्हणून."

"मी ते आदीच केलं हुतं?"

"आधीच."

ती खूश होईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "आनि सहाचं?"

"आठला घाटावर उभी आहेस. समोर कुठलं पाणी?"

"सहाचं."

"कसं काढलंस?"

"आठातनं दोन..." ती थांबली. तोंड थोडं उघडंच राहिलं. "थांबा मॅडम, बोलू नका."

तिने वहीच्या मागच्या पानावर एक रेषा काढली, सहावर टेकाड. खाली तीच रेषा, आठवर टेकाड. त्याखाली आणखी एक, नऊवर, आणि शेजारी लिहिलं 'आजोळ'. मग वेळेला टी म्हणून प्रत्येकीपुढे लिहिलं: टी, टी वजा दोन, टी वजा तीन. पेन खाली ठेवलं.

"वजा आपुन करतो," ती म्हणाली. "पानी नाय करत."

"हो."

"मंग हे आदी का नाय सांगितलं?" आवाज चढला होता. ऐकताना तो आवाज ओळखीचा वाटला.

"मला माहीत नव्हतं."

"तुमी एम.एस्सी. ना?"

"हो."

साडेतीन वाजून गेले होते. मी पर्समधून फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला. "यावर मी सही करणार नाही. कारण खोटं आहे. विषय तुला समजतो. मलाच समजत नव्हता. तुला सोडायचंच असेल तर खरं कारण लिही, मी लगेच सही करते."

तिने 'विषय समजत नाही' वर रेघ मारली. पेन रकान्यावर धरून बसली.

"काका नको म्हणतात, असं लिवू?"

"ते काकांचं कारण झालं. रकान्यावर 'विद्यार्थ्याचे कारण' असं छापलंय."

ती बसून राहिली. एकदा 'मार्क' इतकं लिहून खोडलं. पावणेपाचला ऑफिसातले क्लार्क शटर निम्मं ओढत म्हणाले, "ताई, द्यायचा आसंल तर द्या. पन रकाना रिकामा चालत नाय हां." पाच वाजले, शटर पूर्ण खाली आलं. तिने फॉर्म चार घड्या करून वहीत ठेवला.

फाटकाशी काका मोटारसायकलवर थांबले होते. चौकातल्या गॅरेजमधून तसेच आलेले, हाताला ग्रीस. त्यांचं तिच्याशी काहीतरी बोलणं झालं आणि ते माझ्याकडे आले.

"मॅडम, उद्या टक्के गेले तर?"

"जातील कदाचित," मी म्हटलं. खोटं बोलून झालं होतं तेवढं पुरे होतं.

"कदाचित," ते म्हणाले. "बरं हाय तुमचं." आणि गाडीला किक मारली. ती मागे बसली. सायकल त्या दिवशी कॉलेजातच राहिली.

सोमवारी ती तिसऱ्या बाकावर होती. मी वर्गाला नदी सांगितली. निम्म्यांना समजली, निम्म्यांनी विचारलं, मॅडम, हे लिहून घ्यायचं का. मागच्या बाकावरून, पेपरात नदी आली नाही तर मंत्र चालेल ना, असा प्रश्न आला. चालेल, मी म्हटलं. काय करणार, चालतो.

मग पुढचा मुद्दा: कंसात एक्सच्या जागी वजा एक्स लिहिलं की रेषा उभ्या अक्षाभोवती आरशात बघितल्यासारखी उलटते, डावं ते उजवं. आरसा मागायला शिपायाला पाठवलं. किल्ली नव्हती. मी फळ्यावरच काढून दाखवलं. तिने लिहून घेतलं नाही. हात वर केला.

"मॅडम, नदीत हे कुठं असतं?"

"म्हणजे?"

"उशिरा येतं ते कळलं. अर्धं येतं ते कळलं. पन संध्याकाळ सकाळच्या जागी, सकाळ संध्याकाळच्या जागी, असं कुठं दिसतं? पानी तर उलटं जात नाय."

माझा आवाज चढायला लागला होता. मला तो ऐकू आला. मी खडू खाली ठेवला.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

तिने वहीतून चार घड्यांचा फॉर्म काढला, त्याच्या कोऱ्या बाजूला काहीतरी लिहिलं आणि पुन्हा आत ठेवला. बहुधा प्रश्न.

"शनिवारपर्यंत सांगा, मॅडम," ती म्हणाली आणि बसली.